एबोनाइटच्या पेनावर हाताने नक्षी कोरायची असेल तर

एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, हार्ड रबर म्हणतात ते. आधी निब आणि फीड (निबखालचा शाई पुरवणारा भाग) काढून ठेवा, बॅरलमध्ये, म्हणजे पेनाच्या पोकळ नळीत, लाकडी दांडी घट्ट बसवा, नक्षी पांढऱ्या पेन्सिलीने काढा. पहिल्यांदाच वेलबुट्टी नको बाप्पा, सरळ आणि नागमोडी रेघा घ्या. शंभर वर्षांपूर्वीच्या काळ्या हार्ड रबरच्या पेनांवर असंच काम असायचं, पण ते मशीनचं, आपली रेघ थोडी हलणारच.

आता खरी कटकट. लांबीच्या रेघा कोणीही मारतं, गोलाईवरून आडवी रेघ नेताना कोरणी (धारदार टोकाचं कोरायचं हत्यार) सटकते. मी सहा महिने समजत होतो की माझा हातच कच्चा आहे, नागपूरच्या इतवारीतल्या सराफ्यात एका कारागिराला चांदीवर कोरताना पाहिलं तेव्हा ट्यूब पेटली, त्याचा कोरणीचा हात जागेवरच होता आणि फिरत होती ती वस्तू! म्हणजे कोरणीचं टोक कायम गोलाईच्या माथ्यावर ठेवायचं, कोन साधारण १५ ते २० अंश, आणि डाव्या हाताने पेन हळूहळू टोकाकडे फिरवत आणायचा. टोक माथ्यावरून घसरून उतारावर गेलं की संपलं, मग ते थेट तुमच्या अंगठ्यात, माझ्या अंगठ्यावर अजून खूण आहे. डावा अंगठा कोरणीच्या समोर ठेवायचाच नाही.

दुसरं म्हणजे धार. एबोनाइट मऊ वाटतो पण धार लवकर खातो, म्हणून दर चार-पाच रेघांनी टोक नखावर टेकवून बघा, रुतलं तर ठीक, घसरलं तर पुन्हा घासा. बोथट कोरणीवर जोर लावणारे लोक रेघ कोरत नाहीत, ओरबाडतात. एका दमात खोल जायचं नाही, दोन-तीन हलके हात मारायचे, आणि आट्यांच्या भागावर अजिबात नाही, तिथे भिंत पातळ असते.

व्हिडिओत छोटी ड्रिल मशीन वापरा म्हणून सांगतात ना, ते सोडा. गोलाईवर ती पळते, वरून गरमीने एबोनाइट मऊ पडून कडा चिकट होतात आणि जळक्या गंधकाचा वास घरभर, बायकोची बोलणी वेगळी.

कीस ब्रशने झाडा, सोनेरी रंग रेघांत भरा, वरचा लगेच पुसा. वाळवायला गच्चीवर मात्र नेऊ नका, काळा एबोनाइट उन्हाने तपकिरी पडतो. खिडकीत अख्खा उन्हाळा विसरलेला माझा एक पेन आहे, लोक विचारतात हा शेड कुठे मिळतो भाऊ.