कुत्र्यांना घेऊन कॅम्पर व्हॅनने थरच्या वाळवंटात जाताना या चुका टाळा

ठाण्याहून कुत्र्यांसह जैसलमेरकडे निघणाऱ्यांची तयारी बहुधा ठाण्याच्या उकाड्याच्या अंदाजाने केलेली असते आणि पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. आपल्याकडे अंग घामाने चिकचिकले की उकडते आहे हे लगेच कळते. थरच्या कोरड्या हवेत घाम आल्याबरोबर वाळून जातो, त्यामुळे माणसाला फारसा त्रास जाणवत नसतानाही कुत्रा मात्र तापत राहतो. त्याला घाम येतो तो जवळजवळ केवळ पंजांच्या तळव्यांना, आणि धापा टाकून शरीर थंड राखायचे तर त्याला सतत पाणी लागते.

शाळांना सुट्टी लागली म्हणून मे महिन्यात निघू नये. राजस्थानातल्या फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच योग्य काळ होय, आणि पग, बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर इतर महिन्यांत या वाटेला नेऊच नये.

सर्वांत घातक गैरसमज असा की व्हॅन म्हणजे चालते घर, तेव्हा कुत्रे आत सुखरूप राहतील. छतावरचा एसी साधारण १५०० वॉट वीज घेतो आणि १२ व्होल्ट, २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी तिच्यात सुमारे अडीच युनिट वीज असते. इन्व्हर्टरमधली घट धरली तर एसी जेमतेम दीड तास चालेल. तो बंद पडला की व्हॅन झपाट्याने तापते. बाहेर ३५ अंश असले तरी उन्हातल्या बंद गाडीत दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांची भर पडते, आणि काचा बोटभर खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. छतावरचा पंखा तर बाहेरचीच तापलेली हवा आत ओढतो. त्यामुळे जैसलमेरचा किल्ला दोन पाळ्यांत पाहावा आणि एक माणूस कायम कुत्र्यांजवळ ठेवावा.

ही चूक मी स्वतः केली आहे. मार्चच्या अखेरीस सांचोरच्या पुढे एका ढाब्यावर इंजीन बंद करून, मागचा दरवाजा उघडा ठेवून आम्ही जेवायला बसलो, आणि तेवढे पुरेसे आहे असे मी मानले. वीस मिनिटांनी परतलो तेव्हा आमच्या लॅब्राडोरची जीभ टोकाशी पळीसारखी रुंद झाली होती, चिकट लाळेची तार लोंबत होती, हिरड्या लालभडक दिसत होत्या, आणि हाक मारूनही तिने मान वळवली नाही.

अशा वेळी कुत्र्याला लगेच सावलीत घ्यावे, पोट, काखा व मांड्यांच्या आतल्या बाजूंवर गार पाणी ओतत राहावे आणि सोबत वारा घालावा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नये, कारण तो थोड्याच वेळात गरम होऊन उष्णता आतच कोंडतो. थर्मामीटर गुदद्वारात लावून पाहावे: निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश असते, ४१ अंशांच्या पुढे जिवावर बेतते, आणि ते ३९.५ पर्यंत उतरले की पाणी ओतणे थांबवावे. ताप आला असे समजून पॅरासिटामॉल मुळीच देऊ नये. उष्माघातावर त्याचा उपयोग नाही आणि कुत्र्याच्या यकृताला त्याने इजा होऊ शकते. कुत्रा तरतरीत दिसू लागला तरी पशुवैद्यांकडे न्यावेच, कारण मूत्रपिंडांचे आणि रक्त गोठण्याचे बिघाड एक-दोन दिवसांनीही उघड होतात. आमच्या लॅब्राडोरला बाडमेरमध्ये सलाईन लावावे लागले आणि ती दुसऱ्या दिवशी जेवली.

पाण्याचा हिशेबही अनेकदा चुकतो. एरवी कुत्र्याला दर किलो वजनामागे दिवसाला ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते. वाळवंटात ते किमान दुप्पट धरावे, म्हणजे २५ किलोच्या कुत्र्यासाठी रोज तीन लिटर. पश्चिम राजस्थानात बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी खारे असल्याने कुत्र्यांचा २० लिटरचा कॅन वेगळाच ठेवावा. निघण्यापूर्वी गोल्डन रिट्रीव्हर किंवा हस्कीचे केस मुळापासून काढण्याची पद्धत आहे, ती टाळावी, कारण तेच केस त्वचेला उन्हापासून वाचवतात. डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता येत नसेल तर कुत्र्याला तिथे चालवू नये.

मुक्कामाच्या जागी कुत्र्यांना मोकळे सोडू नये. वेड्या बाभळीचे काटे पंज्यात खोल रुततात, आणि आपल्या कोकणात सापडणारे फुरसे थरमध्येही आहे. ते रात्री बाहेर पडते, म्हणून अंधारात टॉर्च आणि आखूड पट्टा हवाच. जैसलमेरजवळच्या डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये कुत्र्यांना नेऊच नये. सोलापूरजवळच्या नान्नजला जो आज जवळजवळ दिसेनासा झाला आहे, त्या माळढोक पक्ष्याची थरमधली ही शेवटच्या काही जागांपैकी एक आहे. तो उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो, आणि कुत्र्याला ते सहज सापडते.