तुरुंगातून घरी आलेल्या स्त्रीच्या आरोग्याची काळजी : पहिल्या दिवसापासून काय करावे

तुरुंगातून सुटून गावी येणाऱ्या स्त्रीच्या घरात पहिला विचार होतो तो लोक काय म्हणतील याचा, आणि दुसरा वकिलाच्या फीचा व कोर्टाच्या पुढच्या तारखेचा. तिच्या प्रकृतीची चौकशी बहुधा ती अंथरुणाला खिळल्यावरच होते. पण सुटकेनंतरचे पहिले काही आठवडे प्रकृतीच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असतात, कारण आतला उपचार त्या दिवशी तुटतो आणि बाहेरचा अजून सुरू झालेला नसतो. ही मधली फट बुजवणे हेच घरच्यांचे मुख्य काम आहे. पुढील सूचना रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड जिल्ह्यांतील अशा भावासाठी, आईसाठी, सुनेसाठी किंवा शेजारणीसाठी आहेत, जिला किंवा ज्याला तिच्यासोबत उभे राहायचे आहे. ती स्वतः वाचणार असेल तर अधिकच चांगले.

सुटकेची तारीख आधी माहीत असेल, तर काम दाराबाहेर नव्हे, आतच सुरू करावे. शेवटच्या मुलाखतीत तिला विचारून घ्यावे, की कोणती औषधे चालू आहेत, कधीपासून आहेत, रक्ताच्या कोणत्या तपासण्या झाल्या आणि बाहेरच्या रुग्णालयात कधी नेले होते का. त्यानंतर कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज द्यावा आणि त्यात दोनच गोष्टी मागाव्यात : उपचाराच्या कागदांच्या प्रती, आणि पुढील काही दिवस पुरतील इतकी औषधे. शिक्षा भोगून सुटणाऱ्या पक्क्या कैदी स्त्रीच्या बाबतीत हे जमून जाते. खटला अजून चालू असलेल्या कच्च्या कैदी स्त्रीचे तसे नसते. जामिनाचा आदेश पोहोचतो आणि संध्याकाळी ती अंगावरच्या कपड्यांनिशी दारात उभी राहते. म्हणून जामिनाचा अर्ज दाखल होतो त्याच आठवड्यात हा अर्जही द्यावा. वकील हे काम बाजूला टाकत असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता तेथे मोफत मदत मिळते.

कागद मिळालेच नाहीत, तर तिच्या आठवणीतून कागद तयार करावा. कोल्हापूरच्या कळंबा कारागृहातून आंबा घाट उतरताना किंवा मुंबईच्या भायखळा कारागृहातून कोकण रेल्वेने येताना वेळ असतो. तेव्हा वहीत लिहून घ्यावे की गोळी कोणत्या रंगाची, दिवसातून किती वेळा, कशासाठी, आणि शेवटची कधी घेतली. डॉक्टरला एवढ्यावरूनही पुष्कळ कळते. काही औषधे मात्र एक दिवसही चुकवू नयेत : क्षयाची, एचआयव्हीची, फिट्सची, मधुमेहाची, रक्तदाबाची आणि मानसिक आजाराची. मानसोपचाराच्या व झोपेच्या गोळ्या एकदम बंद केल्यास झोप उडते, थरथर सुटते, मूळ आजार उसळून येतो, आणि घरचे म्हणतात की तुरुंगाने हिचे डोके फिरवले. खरे कारण संपलेले पाकीट असते.

पहिल्या तीन-चार दिवसांत एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जावे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, त्यामुळे पैशाची अडचण सांगून हे पुढे ढकलू नये. तेथे आपल्यावर कोणता गुन्हा होता हे सांगण्याची गरज नाही आणि कुणी विचारले तरी उत्तर देण्याचे बंधन नाही. मात्र आपण इतके महिने गर्दीच्या बराकीत राहिलो, एवढे डॉक्टरला जरूर सांगावे, कारण त्यावरून काय तपासायचे ते ठरते.

त्या यादीत क्षयरोग सर्वांत वर असतो. कोंदट बराकीत अनेक जणी दाटीने झोपतात, तेव्हा एकीचा खोकला सगळ्यांचा होतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी कसर, वजन घटणे किंवा रात्री घाम यांपैकी काहीही असेल, तर थुंकीची तपासणी मागून घ्यावी. उपचार आतच सुरू झाला असेल, तर तिचा निक्षय क्रमांक, म्हणजे क्षयरुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक, मिळवून तो आपल्या तालुक्याच्या क्षयरोग पथकाकडे द्यावा, म्हणजे सहा महिन्यांचा उपचार पहिल्यापासून सुरू न होता पुढे चालू राहतो. निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये रुग्णाच्या बँक खात्यात जमा होतात. येथे एक व्यावहारिक अडथळा येतो. दोन वर्षे व्यवहार न झालेले खाते बँक निष्क्रिय करते, आणि तुरुंगात गेलेल्या स्त्रीचे खाते नेमके तसेच असते. म्हणून आधार कार्ड घेऊन बँकेत जाऊन ते चालू करणे हेसुद्धा तिच्या उपचाराचाच भाग समजावे. त्याच फेरीत शिधापत्रिकेवरचे तिचे नाव कमी झाले नाही ना, हे पाहावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी ते लागते.

क्षयाबरोबर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी आणि सिफिलिस यांच्या तपासण्या तिच्या संमतीने करून घ्याव्यात. हिपॅटायटिस सी बहुतेक वेळा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो आणि या गोळ्या सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात. एचआयव्हीच्या बाबतीत संमती आणि गुप्तता यांना २०१७ च्या कायद्याचा आधार आहे. तरीही कोकणातल्या वाडीचे वास्तव ध्यानात ठेवावे. आशाताई वाडीतलीच कुणाची तरी सून असते, उपकेंद्राच्या ओट्यावर ओळखीची चार माणसे असतात. तिला गावात तपासणी नको वाटत असेल, तर तो हट्ट समजू नये. रत्नागिरीच्या किंवा सिंधुदुर्गातील ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात जावे. १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगताही माहिती मिळते.

अंगाला खाज असेल तर ती खरूज असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी एकट्या तिला मलम लावून भागत नाही. घरातील सर्वांनी एकाच रात्री लावावे, अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे आणि आठवड्याने डॉक्टरच्या सल्ल्याने पुन्हा लावावे.

आता रक्ताल्पतेविषयी, कारण येथे घरच्यांच्या हातून नकळत सर्वांत जास्त नुकसान होते. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले की ती रक्ताल्पता; ते ८ च्या खाली असेल तर नुसत्या गोळ्यांवर न राहता डॉक्टरच्या देखरेखीखाली उपचार हवा. आतून आलेली स्त्री पुष्कळदा फिकट, दमलेली, जिना चढताना धाप लागणारी असते, आणि सुटका जून-जुलैत झाली तर चौथ्या दिवशी ती लावणीच्या चिखलात वाकलेली दिसते. तिला स्वतःलाच वाटते की आपल्यामुळे घराचा इतका खर्च झाला, तर आता बसून कसे खावे. घरच्यांनी येथे ठाम राहावे. हिमोग्लोबिन तपासल्याशिवाय तिला लावणीला किंवा काजूच्या कारखान्यात पाठवू नये. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नयेत. चहा आणि गोळी यांत निदान एक तासाचे अंतर ठेवावे आणि जेवणात लिंबू किंवा आवळा असू द्यावा. गोळ्यांनी शौचास काळी होते, त्याने घाबरून त्या सोडू नयेत. हिमोग्लोबिन वर आल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर त्या चालू ठेवाव्यात. ताकदीसाठी महागडे डबे आणण्याची मुळीच गरज नाही. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, शेवग्याचा पाला, लाल माठ, सुकट, तारली, बांगडा हे आपल्याच बाजारात मिळते. प्रश्न इतकाच असतो की सर्वांचे झाल्यावर शेवटी जेवणाऱ्या तिच्या ताटात मासळीचा तुकडा उरतो की नुसते कालवण.

पावसाळ्यात शेतात उतरावेच लागले, तर चिखलातून व साचलेल्या पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची जाणीव ठेवावी. पायाला जखम असेल तर चिखलात जाऊ नये. ताप, पोटऱ्यांचे दुखणे आणि डोळ्यांची लाली एकत्र दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

स्त्रीच्या अंगच्या तक्रारी तुरुंगात मागे पडतात आणि बाहेरही संकोचाने मागेच राहतात. पाळी थांबली असेल तर ती ताणाने, अशक्तपणाने, वयाने किंवा गर्भ राहिल्याने, अशी अनेक कारणे असू शकतात. आशाताईंकडे मिळणाऱ्या साध्या चाचणीने शेवटची शंका मिटते. घरी परतल्यावर लगेच मूल नको असेल, तर उपकेंद्रात अंतरा हे तीन महिन्यांचे इंजेक्शन, छाया गोळ्या आणि तांबी मोफत मिळतात, आणि हा निर्णय तिचा आहे, नवऱ्याचा किंवा सासूचा नव्हे. तिशी ओलांडली असेल तर गर्भाशयाचे मुख, स्तन आणि तोंड यांची कर्करोगासाठी तपासणी करून घ्यावी. तोंडाची मुद्दाम म्हणतो, कारण आपल्याकडच्या बायकांना मशेरीची सवय फार. आत असताना ती सुटली असेल, तर घरातली मशेरीची डबी तिच्या नजरेआड करावी. एवढी चांगली संधी पुन्हा येत नाही.

अंतर्गत तपासणीविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तुरुंगात वारंवार अंगझडती झालेली असते, आणि पुष्कळ जणींनी त्याआधी घरातही मार सोसलेला असतो. तपासणीच्या टेबलावर ती आक्रसली, रडली किंवा नाही म्हणाली, तर तिला रागावू नये. स्त्री डॉक्टर मागावी, सोबतीला तिला हवी ती व्यक्ती असू द्यावी, आणि आज नाही जमले तर पंधरा दिवसांनी पुन्हा जावे. संयुक्त राष्ट्रांनी २०१० मध्ये स्त्री कैद्यांसाठी जे बँकॉक नियम स्वीकारले, त्यांतही आरोग्यसेवेत स्त्री डॉक्टरची मागणी आणि सोसलेल्या हिंसेची दखल या गोष्टी आहेत.

मनाचे दुखणे बाहेरून आळसासारखे दिसते. रात्रभर दिवा जळणाऱ्या बराकीतून आलेल्या बाईला अंधाऱ्या खोलीत झोप लागत नाही, दार लावल्याच्या आवाजाने ती दचकते, विहिरीवर किंवा बाजारात जाणे टाळते. मुलाने ओळखले नाही, तर ते दुःख ती कुणाला सांगत नाही. सहा वर्षांपर्यंतचे मूल आईजवळ आत राहू शकते. त्याहून मोठी मुले मावशीकडे किंवा आजीकडे वाढलेली असतात आणि त्यांना पुन्हा जवळ यायला वेळ लागतो. तिला प्रश्न विचारून टोचू नये, पण एकटेही पाडू नये. जगणे नको असे ती बोलली तर ते नाटक मानू नये. कीटकनाशके आणि गोळ्या कुलपात ठेवाव्यात, तिच्याजवळ कुणीतरी राहावे आणि टेलि मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. तेथे दिवसरात्र मराठीतून बोलता येते. रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय जवळ आहे. तेथील बाह्यरुग्ण विभागात औषध घेऊन त्याच दिवशी घरी परतता येते, तेथे जाणे म्हणजे भरती होणे नव्हे. घरातच मारहाण होत असेल, तर १८१ या महिला मदत क्रमांकावर फोन करावा.

औषध आणण्याचे दिवस, पोलीस ठाण्यातील हजेरी आणि कोर्टाच्या तारखा एकाच कॅलेंडरवर लिहाव्यात, कारण एसटीच्या एका फेरीत दोन कामे उरकली नाहीत, तर राहून जाते ते औषध. आणि ती संचित किंवा अभिवचन रजेवर आलेली असेल, म्हणजे तिला परत जायचेच असेल, तर या सगळ्या तपासण्यांचे कागद दोन प्रतींत करावेत : एक घरी ठेवावी, आणि दुसरी ती दाखल होईल त्या दिवशी कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे देऊन पोच घ्यावी.