कान खाजतोय? आधी काडी खाली ठेवा

कानातला मळ म्हणजे घाण नव्हे. तो नळीच्या कातडीला मऊ ठेवतो, धूळ अडवतो. ही कातडी सावकाश बाहेरच्या दिशेने सरकत असते आणि जुना मळ स्वतःच बाहेर आणते. इअरबड, हेअरपिन किंवा किल्ली घातली की थोडा मळ निघतो, उरलेला पडद्याकडे ढकलला जाऊन घट्ट बसतो. मोठ्या माणसाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर असते, त्यामुळे कुणाचा धक्का लागला तर पडद्याला भोकही पडू शकतं.

खाज बहुधा मळ साचल्याने येत नाही. उलट सारखं कोरल्याने कातडी कोरडी पडते, खाजते, ओरखडे उठतात आणि पुन्हा कोरावंसं वाटतं. कोंडा, इसब, सोरायसिस, शॅम्पू, इअरफोनच्या रबरी टोप्या हीसुद्धा कारणं असतात. पावसाळ्यात बुरशी होते: असह्य खाज, ओलसरपणा, दडे बसणं. शंका आली तर कानात तेल अजिबात घालू नका, बुरशी बळावू शकते. अंघोळीनंतर डोकं कलतं करून पाणी निथळू द्या, टॉवेलच्या टोकाने फक्त बाहेरची पाळी पुसा. इअरफोनच्या टोप्या धुऊन, पूर्ण वाळवून वापरा.

मळाने दडे बसले असतील तर औषधाच्या दुकानातले ऑलिव्ह तेलाचे किंवा ५ टक्के सोडियम बायकार्बोनेटचे थेंब वापरा. बाटली दोन-तीन मिनिटं मुठीत धरून कोमट करा, कारण गार थेंबांनी गरगरतं. कुशीवर झोपा, पाळी वर आणि मागे ओढा, २-३ थेंब सोडा. भोकासमोरचा छोटा उंचवटा हलकेच दाबत राहा, ५ ते १० मिनिटं तसेच पडून राहा. मग बसून बाहेर आलेलं पुसा. दिवसातून ३-४ वेळा, ३ ते ५ दिवस. सुरुवातीला मळ फुगून ऐकू आणखी कमी येऊ शकतं, घाबरू नका. सुटलेला मळ पुढच्या दोनेक आठवड्यांत हळूहळू बाहेर पडतो. लसूण घालून कढवलेलं तेल मात्र नको, आतली कातडी भाजते. कानात पोकळ मेणबत्ती धरून पेटवायची आणि मळ ओढायचा, तो उपायही नको.

पडद्याला भोक असेल, कानाची शस्त्रक्रिया झाली असेल, पू, रक्त किंवा दुखणं असेल, तर घरी काहीही न घालता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. ते सूक्ष्मदर्शकातून पाहत सक्शनने मळ काढतात. मधुमेह्यांनी कानाचं दुखणं अंगावर काढू नये, संसर्ग हाडापर्यंत पोचू शकतो. अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं तर मळ असेल म्हणून थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

मुलाने कानात हरभरा किंवा वाटाणा घातला असेल तर पाणी सोडू नका. दाणा फुगून अडकतो. बटण-सेल (घड्याळातला बटणासारखा चपटा गोल सेल) असेल तर थेंबही न टाकता ताबडतोब रुग्णालय गाठा. तो काही तासांत कातडी जाळतो.