डिमेन्शियाग्रस्तांसाठी सोबत-सेवा चालवताय? या चुका टाळा

स्वयंसेवक पगार घेत नाहीत, मग खर्च तो कसला? अंदाजपत्रक या हिशेबाने मांडलं की पहिली चूक तिथेच होते. स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) झालेल्यांच्या घरी आठवड्यातून तासभर गप्पा मारायला जाणारा माणूस पैसे मागत नाही, हे खरं. पण त्याची पडताळणी, प्रशिक्षण, प्रवासखर्च, विमा आणि त्याचा फोन उचलणारा समन्वयक यांना पैसे लागतातच. देणगीदारांना भेटींचा आकडा आवडतो, ‘कार्यालयीन खर्च’ खुपतो. म्हणून समन्वयकाचा पगार अर्जातून गाळला जातो. गाळू नका. समन्वयकाशिवाय भेटीच होत नाहीत, हे अर्जात स्पष्ट लिहा.

स्वयंसेवक दोन-तीन महिन्यांत गळू लागले, तर नवी भरती करण्याआधी जुन्यांना विचारा. आजी स्वतःच्याच घरात बसून “मला घरी जायचंय” म्हणत रडतात, स्वयंसेवक बावरतो, आणि त्याला बोलायला कोणी नसतं. पहिल्या भेटीनंतर त्याच दिवशी फोन आणि महिन्याला एक बैठक, एवढं तरी हवंच.

प्रशिक्षणात आजाराची माहिती भरमसाट देतात, बोलायचं कसं ते राहून जातं. “ओळखलंत का मला?” ही तर परीक्षाच झाली! नाव सांगूनच आत जा. अल्झायमर या डिमेन्शियाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात सहसा ताज्या आठवणी आधी पुसल्या जातात, जुन्या बराच काळ टिकतात; भेट विसरली तरी त्या भेटीमुळे आलेलं बरं वाटणं मागे उरतं. म्हणून “हेच तुमचं घर” असं पटवत बसू नका, “घरी कोण कोण असायचं?” असं विचारा. भेटीची वेळ घरच्यांना विचारून ठरवा. अनेकांची अस्वस्थता संध्याकाळी वाढते, आणि नोकरदार स्वयंसेवक नेमके तेव्हाच मोकळे असतात.

एक-दोन दिवसांत गोंधळ एकदम वाढला, तर ‘आजार बळावला’ म्हणून सोडून देऊ नका. जंतुसंसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, बद्धकोष्ठता, नवं औषध यांनीही असं होतं. घरच्यांना लगेच कळवा, डॉक्टरांना दाखवायला सांगा. निदान करणं स्वयंसेवकाचं काम नाही. औषधं देणं, पैसे हाताळणं, उचलून बसवणं हेही नाही, आणि हे पहिल्याच दिवशी लेखी द्या.

अहवालासाठी रुग्णापुढे लांबलचक प्रश्नावली ठेवणं मला क्रूर वाटतं. स्वयंसेवकाच्या वहीतल्या दोन ओळी आणि काळजी घेणाऱ्याला मिळालेला तासभर विसावा यांतून जास्त कळतं.

सगळ्यात महागात पडते ती एकाच देणगीदारावरची भिस्त. वर्षाचा निधी संपतो, भेटी थांबतात. दाराकडे बघत बसलेल्या माणसाला कारण समजावता येत नाही. काही महिन्यांची गंगाजळी राखा. पुढच्या वर्षाचे पैसे ठरले नसतील, तर निम्मं वर्ष उलटल्यावर नवी नावं घेऊ नका. प्रतीक्षायादी वाढली तर वाढू द्या.