जुन्या लष्करी वस्तूंचं रबर: मऊ करू नका, टिकवा

गॅस मास्कचं कडक झालेलं रबर खोबरेल तेलानं मऊ पडतं, असं छातीठोक सांगणारा एक माणूस प्रत्येक भंगारवाल्याच्या शेजारी उभा असतो. मीही एकदा त्याचं ऐकलं. आठवडाभर रबर खरंच मऊ लागलं, महिन्याभरात हनुवटीचा भाग फुगून लोंबायला लागला, आणि पावसाळ्यात सगळ्याचा चिकट लगदा झाला. तेव्हा खोबरेल, पेट्रोलियम जेली, ग्रीस, रॉकेल, टायर चमकवायचा स्प्रे यांतलं काहीही लावायचं नाही. तेल नैसर्गिक रबरात मुरतं आणि ते फुगवतं. हवेतल्या ऑक्सिजनमुळे रबर एकदा बिघडलं की पूर्ववत होत नाही. पुढची झीज लांबवणं एवढंच आपल्या हातात आहे.

हात लावण्याआधी एक इशारा. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश गॅस मास्कच्या फिल्टरमध्ये बहुधा ॲस्बेस्टॉस असतं, म्हणजे श्वासातून गेल्यास फुप्फुसांना घातक असलेले बारीक तंतू. फिल्टरचा डबा उघडू नका, खळखळवून बघू नका, आणि मास्क तोंडाला लावून फोटो तर अजिबात नको. सुटा डबा असेल तर जाड पिशवीत घालून तोंड पक्कं बंद करा.

आता रोग ओळखा. हातमोजा घालून कडेला बोट टेकवा. ठसा उमटला किंवा बोट चिकटलं, तर तो चिकट रोग. हा नैसर्गिक रबरात जास्त दिसतो. बोट सरकलं आणि कड दबलीच नाही, तर कडक रोग. १९४२ मध्ये नैसर्गिक रबर पुरवणारा मलाया जपानच्या हातात गेल्यावर दोस्त राष्ट्रांना कृत्रिम रबर वापरावं लागलं, आणि ते बहुधा कडक होत जातं. एकाच वस्तूत पट्टा चिकट आणि चेहरा कडक, असंही सापडतं.

मऊ ब्रशनं धूळ काढा, किंचित ओल्या मलमलीनं पुसा, सावलीत वाळवा. घरात दहा सोलापुरी टॉवेल असले तरी इथे नको. चिकट रबरात त्याचे फासे असे रुततात की पुढे प्रत्येक धागा चिमट्यानं उपसत बसावं लागतं.

खरी कसोटी पुढेच आहे: वर्षानुवर्षं पिशवीत घडी होऊन पडलेला मास्क उघडणं. माझा पहिला मास्क इथेच गेला. अंगठे आत घालून घडी जरा फाकवली, आणि भाजलेला पापड मोडावा तसा कट्‌ आवाज आला. भेग कपाळापासून थेट भिंगापर्यंत. तेव्हापासून मी घडी एका बैठकीत कधीच उघडत नाही.

कडक रबराला तेलाची गरज नसते, उबेची असते. मे महिन्यात सोलापुरातल्या पत्र्याच्या खोलीत दुपारी ही ऊब फुकट मिळते. उन्हात मात्र ठेवू नका. एरवी हेअर ड्रायर कमी गरमवर, वीतभर लांबून, सतत फिरवत ठेवा. मधूनमधून तोच झोत मनगटावर घ्या. मनगटाला सोसेना तर रबरालाही नको. घडीत बोटभर जागा झाली की मलमलीत गुंडाळलेला पॉलिस्टर कापूस अलगद सरकवा आणि थांबा. गार झालं की कालपेक्षा किती सैल आहे ते बघा, दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊब, पुन्हा चिमूटभर कापूस. माझ्या एका मास्कला अकरा दिवस लागले. घडीच्या शिरेवर बारीक पांढऱ्या रेषा दिसल्या, तर त्याच क्षणी हात काढा आणि घडी आहे तिथेच सोडून द्या. अर्धा उघडलेला मास्क शोभत नाही, पण फाटलेल्यापेक्षा बरा.

चिकट घडीला ऊब अजिबात देऊ नका, ती आणखी पाघळते. दोन थरांमध्ये बेकरीवाले वापरतात तो न चिकटणारा कागद हळूहळू सरकवा आणि वर शंखजिऱ्याची पावडर ब्रशनं लावा. पंक्चरवाले ट्यूबला लावतात तीच ही. सुगंधी टाल्कम नको, आणि मक्याच्या पिठाची बेबी पावडर तर नकोच; त्यावर बुरशी आणि किडे येतात. पावडर उडवताना नाकाला रुमाल बांधा.

मांडणीत रबर ताणू नका. हवेतल्या ओझोनच्या भेगा ताणलेल्या रबरावरच पडतात, त्याही ताणाला आडव्या. पुतळ्याच्या डोक्यावर गॉगल खेचून बसवायची हौस इथेच महागात पडते. ओझोन सोडणारं झेरॉक्स मशीन किंवा ठिणग्या उडणारी मोटर जवळ नसावी. तांबं-पितळ रबराला लागू देऊ नका, तांब्यामुळे रबर लवकर कुजतं. फील्ड टेलिफोनच्या जुन्या वायरीत तांब्यावर कथिलाचा मुलामा दिसतो, तो रबर आणि तांबं एकमेकांना लागू नयेत म्हणूनच. चांदीची पदकंही वेगळी ठेवा, रबरातल्या गंधकानं ती काळी पडतात.

साठवायला सगळ्यात खालचा, सगळ्यात गार कप्पा निवडा. तापमान दहा अंशांनी वाढलं की झीज साधारण दुप्पट वेगानं होते, म्हणजे पत्र्याखालचा माळा बाद. लहान वस्तूंसाठी ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या आणि ॲल्युमिनियमचा थर असलेलं पाकीट घ्या. साध्या प्लॅस्टिकमधून हवा आत येते. सील मी आमच्या शेंगा चटणीवाल्याकडून मारून घेतो. पहिल्या वेळी त्यानं पाकीट दाबून विचारलं, "दादा, हा कुठला नवीन मसाला?" दोन-तीन दिवसांत ऑक्सिजन शोषला गेला की पाकीट वस्तूवर जरा आवळून बसतं. दर दोन महिन्यांनी बोटानं चाचपा. सैल लागलं तर ते गळतंय. नव्या पुड्या घालून पुन्हा सील मारून आणा.