एचके९७ फेजचं कवच ब्राउजरमधे कसं बघायचं

फेज (बॅक्टेरियाला लागण करणारा व्हायरस) म्हटलं की सगळे टी४ या फेजचं ते पाय पसरलेलं चित्र बघतात आणि पुढे जातात, पण फेजचं स्ट्रक्चर खरंच समजून घ्यायचं असेल तर एचके९७ पासून सुरुवात करा. ई. कोलायवर वाढतो, हाँगकाँगमधे सापडला म्हणून एचके.

पीडीबीच्या (प्रोटीनच्या थ्रीडी रचनांचा ऑनलाइन संग्रह) साइटवर १ओएचजी (1OHG) सर्च करा (मधला ओ आहे, शून्य नाही) आणि थ्रीडी व्ह्यू उघडा. फोन नको, लॅपटॉप घ्या, कारण अख्खं कवच म्हणजे एकाच प्रोटीनच्या ४२० कॉपी, १२ पेंटामर (पाच-पाचचे गट) आणि ६० हेक्सामर (सहा-सहाचे गट), लोड व्हायला वेळ लागतो. एवढं मोठं असल्यामुळे सुरुवातीला नुसता ढोबळ सरफेस दिसेल, थोडं फिरवून बघा आणि मग उजवीकडे टाइपमधे असेंब्लीच्या (अख्ख्या कवचाच्या) जागी मॉडेल निवडा. आता फक्त सात चेन (म्हणजे प्रोटीनच्या सात कॉपी) राहतील, ए ते एफ हेक्सामरच्या आणि जी पेंटामरची.

खरी मजा आता. वरच्या सीक्वेन्स पट्टीत चेन ए निवडून १६९ नंबरच्या लायसिन या अमिनो आम्लावर क्लिक करा. शेजारच्या चेनचं ३५६ नंबरचं अॅस्परॅजिन अगदी चिकटून दिसेल. बाँडची रेघ नाही दिसली तर अंतर मोजा, सुमारे १.३ आंगस्ट्रॉम (नॅनोमीटरचा दहावा भाग म्हणजे एक आंगस्ट्रॉम) येतं, म्हणजे हा पक्का कोव्हॅलंट बाँड आहे आणि तो जोडायला वेगळं एन्झाइम लागत नाही, कवच फुगून मोठं होताना प्रोटीन स्वतःच जोडून घेतं! हाच प्रयोग चेन जी वर केलात तर जोडीदार सापडणार नाही, गोंधळू नका, तो पेंटामरमधल्या पुढच्या कॉपीत आहे आणि त्यासाठी परत असेंब्लीत जावं लागतं.

असेंब्लीत गेलातच तर रिप्रेझेंटेशन बदलून कार्टून (प्रोटीन रिबिनीसारखं दाखवणारं चित्र) करा आणि तीन कॅप्सोमर (म्हणजे हेच पेंटामर-हेक्सामर) जिथे भेटतात तिथे झूम करा. पाच-पाच आणि सहा-सहा प्रोटीनची बंद कडी आहेत आणि ती एकमेकांत ओवलेली आहेत, जुन्या सैनिकांच्या साखळी-चिलखतासारखी. म्हणूनच हे कवच एसडीएसमधे (प्रोटीन उलगडणारं डिटर्जंट) उकळलं तरी सुटत नाही, प्रोटीन आकारानुसार वेगळी करायच्या जेलमधे आत शिरतच नाही, आणि भिंत किती जाड तर जेमतेम १८ आंगस्ट्रॉम, मला तर हे अजूनही थक्क करतं.

ब्राउजर अडकायला लागला तर कायमेराएक्स हे सॉफ्टवेअर टाका, अभ्यासासाठी फुकट आहे आणि मोठी असेंब्ली बरीच सहज फिरवता येते.