कॅम्पर ट्रेलर बनवताय? आधी वजनकाटा आणा

कॅम्पर ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढायची, आत झोपता येईल अशी छोटी खोली. इंदूरहून मांडूला निघालो तेव्हा आमचा पहिला ट्रेलर राऊ सोडल्यावर, महूच्या अलीकडे, साठच्या स्पीडला असा डोलायला लागला की मागचा ट्रकवाला हॉर्नसुद्धा न वाजवता लांब थांबला. मांडू राहिलं बाजूला, ढाब्यावर दोन तास बसून सामान पुढे-मागे करत होतो. दुसऱ्या ट्रेलरच्या वेळी मग ही यादी लिहून काढली.

सगळ्यात आधी आरटीओ. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे वेगळं वाहन धरतात, नोंदणी लागते, तेव्हा घरी बनवलेल्याचं काय करायचं ते लोखंड कापायच्या आधी विचारून या, नंतर नाही. आणि तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये किती वजन ओढायचं ते बघा. ओढू नका लिहिलं असेल तर विषय संपला, मेव्हण्याची गाडी ओढते वगैरे सांगू नका.

साइज ८ बाय ४ फूट ठेवा, कारण प्लायची शीट तेवढीच येते, जोड कमी, वाया कमी. बाजूंना १२ एमएम, छताला पातळ. प्लायवर आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा शिक्का बघून घ्या, पावसाळ्यात साधा प्लाय पापडासारखा फुगतो. १२ एमएमची एक शीट वीस किलोच्या वर जाते हे लक्षात असू द्या, वजन कुठून येतं ते असं कळतं.

अ‍ॅक्सल (दोन चाकांना जोडणारा दांडा) कबाड्याकडून चालेल. मारुती ८०० चा मागचा घ्या, ओम्नीचा नको, ओम्नीला मागची चाकं फिरवायला डिफरन्शियल असतं, ते ओझं कशाला. बेअरिंग मात्र नवीनच. चौकोनी पाइप इंदूरच्या लोहामंडीतून, स्क्रू-बिजागऱ्या सियागंजमधून, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता मुद्दा. हुकावरचं वजन! ट्रेलर भरल्यावर एकूण वजनाचे १० ते १५ टक्के गाडीच्या हुकावर यायला पाहिजेत. कमी आले तर शेपूट जड होते आणि ट्रेलर डोलतो, जास्त आले तर गाडीचा मागचा भाग बसतो आणि स्टिअरिंग हलकं पडतं. आमचा पहिला ट्रेलर धर्मकाट्यावर (गाड्या तोलायचा मोठा काटा) भरला ३४० किलो, म्हणजे हुकावर ३४ ते ५१ हवे होते. घरी परत आल्यावर आईचा वजनकाटा हुकाखाली ठेवला तर आकडा आला ९. नऊ! कारण किचन मागे, म्हणून बॅटरी मागे, २० लिटरचा पाण्याचा कॅनही मागे, आणि अ‍ॅक्सल बरोबर मधोमध, तोही वेल्ड करून टाकलेला, वेल्डर म्हणाला हो जाएगा भिया आणि मी मान डोलावली.

अ‍ॅक्सलपासून हुक ८ फूट होता. ३० किलोची बॅटरी ६ फूट पुढे नेली तर हुकावर साडेबावीस किलो वाढले (३० गुणिले ६ भागिले ८, बस), कॅन ४ फूट पुढे, आणखी १०. काटा एक्केचाळीसच्या पुढे गेला. एवढंच करायचं होतं आणि ते मी निघायच्या आधी केलं नव्हतं.

म्हणून अ‍ॅक्सल मध्याच्या थोडा मागे आणि यू-बोल्टने. वेल्ड नाही. परत सांगतो, वेल्ड नाही, काट्यावर आकडा बसेपर्यंत तो सरकवता आला पाहिजे. काटा लावताना ट्रेलर लेव्हलमध्ये, हुक गाडीच्या उंचीवर, चाकांना गुटके, आणि गादी, पाणी, गॅस, भांडी सगळं आत. रिकामा ट्रेलर मोजून खुश होणारे मी बघितलेत, त्यातला एक मीच.

आणि डोललाच तर ब्रेक दाबू नका, स्पीड तर अजिबात वाढवू नका, अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा. महूकडच्या जाम घाटात उतरताना खालचा गिअर.

उरलेलं पटापट. सेफ्टी चेन दोन, हुकाखालून आडव्या-तिडव्या. ब्रेक लाइट, इंडिकेटर, मागे रिफ्लेक्टर. कडांना पीयू सीलंट (फटी बुजवायचा, पाणी अडवणारा लेप), पहिल्या पावसाआधी होजने पाणी मारून बघा. थर्मोकोल छताला लावाच, मे महिन्यात इंदूरला आत भट्टी होते. दोन हवेच्या खिडक्या, आणि आत स्टोव्ह पेटवायचा नाही, गॅस मागचा दरवाजा उघडून बाहेरच. पडदे बायको बघते.

निघायच्या सकाळी पोहे खा, कॅन भरा, आणि हुकाखाली परत काटा. हो, परत.